येताना दम सोडते

(निवेदन. पडद्यावर भेरूघाट, चढाची बाजू.)

इंदूरहून ओंकारेश्वरला निघालं की सिमरोल मागे पडतं आणि माळव्याचं पठार संपत येतं. मग भेरूघाटाचा उतार, खाली निमाड आणि नर्मदेचं खोरं. जाताना गाडीचं काही लागत नाही, परीक्षा असते ती येताना. लोकमान्यनगरच्या काकांच्या या जुन्या डिझेल व्हॅनची तक्रारही तीच. भजनी मंडळ घेऊन जाताना गुणी, परतताना घाटात अंग झाडायला लागते. तिसऱ्यावरून दुसरा गिअर, दुसऱ्यावरून पहिला, मग सरळ कडेला. पाच-दहा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा चालते, जसं काही झालंच नव्हतं.

एकजण म्हणाला डिझेलला दाब देणारा पंप गेला, दुसरा म्हणाला इंजिनात डिझेल फवारणारं नोझल, तिसरा म्हणाला विकून टाका. सल्ला फुकट मिळतो, पंप उतरवून बांधायचा म्हटलं की खिसा रिकामा होतो.

(ट्रान्सपोर्ट नगर. मिस्त्री हात पुसत गाडीभोवती फिरतात.)

मिस्त्रींनी अजून पाना उचललेला नाही. आधी प्रश्न. "काका, थरथर गाडीच्या वेगाबरोबर वाढते की इंजिनाच्या?"

"आता ते कसं सांगू, मिस्त्री? हादरते एवढं खरं."

प्रश्न साधा आहे, पण अर्धं काम त्यातच होतं. ठराविक वेगाला हादरत असेल आणि क्लच दाबूनही हादरा राहत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग बघायचं. फक्त गाडी जागेवरून निघताना थरथरत असेल तर क्लच प्लेट किंवा इंजिनाचं माउंटिंग. इथे क्लच दाबला की हादरा थांबतो, चढावर ॲक्सिलरेटर दाबला की परत येतो. म्हणजे मिसिंग आहे, इंजिन झटके खातंय.

दुसरा प्रश्न धुराचा. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर चोंदलाय किंवा नोझल फवारा न मारता नुसतं टपकतंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काकांची गाडी दम सोडते तेव्हा मागे काळं काहीच नसतं, मधूनच पांढुरकी फुंकर येते. जिथे डिझेल पोहोचतच नाही तिथे काळा धूर येणार कुठून?

मग दोन फुकटच्या तपासण्या. एकाने पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते बघायचं. केबल ताणून सैल पडलेली असली तर गाडी अर्ध्याच दमावर पळते आणि लोक मात्र पंपाला शिव्या देतात. इथे लिव्हर पूर्ण जातो. दुसरी, टाकीचं झाकण. त्याचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि थोडा वेळ थांबल्यावर गाडी सुधारते. लक्षण हुबेहूब जुळतं! पण गाडी दमली असताना झाकण उघडलं तर फुस्स आवाज यायला हवा. इथे आला नाही.

(क्लोज-अप. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळी बसवली जाते.)

आता खरी गंमत. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबून तापवलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा, एवढंच. फवाऱ्याला दाब देणारे ओळीतले (इन-लाइन) पंप रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात 1927 पासून मोठ्या प्रमाणावर बनू लागले आणि आपल्याकडच्या जुन्या गाड्या त्याच घराण्यातल्या पंपांवर चालल्या. डिझेल दाबलं तरी जवळजवळ आक्रसत नाही, म्हणून दाब थेट नोझलपर्यंत जातो. मध्ये हवेचा बुडबुडा आला की तोच दाबला जातो, नोझल उघडत नाही आणि तो सिलिंडर एक फेरा रिकामा जातो. हा तो झटका.

नळीत बघा. गाडी उभी असताना डिझेल स्वच्छ आहे. इंजिनाचा वेग चढवला की आधी मोहरीएवढे बुडबुडे, मग त्यांची माळच.

पण डिझेल तर कुठेच गळत नाही! गळणारही नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे डिझेल ओढून पुढे देणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची, नळी ओढीवर चालते. तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली कोरडी जमीन बघून फसलेले भलेभले आहेत.

मिस्त्री टाकीची नळी काढतात आणि डिझेलचा कॅन वर टांगून तिथून जोडतात. बुडबुडे बंद. म्हणजे फिल्टर आणि पंप सुटले, गुन्हेगार मागे आहे.

(टाकी उतरवलेली. डिझेल ओढणारा पाइप बाहेर.)

पाइपच्या टोकाच्या जाळीवर गंज आणि काळा बुळबुळीत थर. डिझेलच्या तळाशी पाणी साचलं की दोघांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा हा गाळ. चढावर इंजिन जोरात ओढतं तेव्हा तो जाळीला चिकटतो. इंजिन बंद केलं की ओढ संपते, गाळ खाली बसतो. काकांच्या पाच-दहा मिनिटांचं रहस्य हे. जाळी चोंदल्याने ओढ वाढली आणि क्लिपखालच्या कडक झालेल्या रबरी नळीची बारीक चीर हवा घेऊ लागली. सपाट रस्त्यावर तीच चीर गप्प बसायची.

टाकी धुतली. नवी नळी, नव्या क्लिपा, नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला तांब्याचे नवे वॉशर. जुने वॉशर चपटे होतात, परत वापरू नयेत. चार पैसे वाचवायची ही जागा नव्हे. मग फिल्टरचा हवा सोडायचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. आधी फेस येतो, फस्‌ फस्‌, मग सलग धार आली की स्क्रू आवळायचा.

शेवटी एकेका नोझलचा नट थोडा सैल करून आवाज ऐकतात. नट सैल केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं, सिलिंडर नीट काम करत असेल तर इंजिन अडखळायलाच हवं. पहिल्याला इंजिन अडखळतं, दुसऱ्याला अडखळतं, तिसऱ्याला फारसा फरक नाही, चौथ्याला पुन्हा अडखळतं. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या गाडीवर हा प्रयोग चुकूनही करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, डिझेलची धार कातडीत घुसते आणि थेट ऑपरेशन टेबल गाठावं लागतं.

"घाट चढेल का?" काका विचारतात.

"चढेल. पण तिसरं नोझल काढून द्या, पंपवाल्याकडे टेस्टिंगला पाठवतो. आणि काका, पावसाळ्यात फिल्टरखालचं पाणी सोडत जा."

"पंप?"

"पंपाला हात लावायचा नाही."