फ्लिंट ते मॅकोम्ब: मिशिगनच्या कामगाराचं बळ आणि त्याचं मत

(दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. कारखान्याच्या खिडक्यांत बसलेले कामगार.)

मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर. ३० डिसेंबर १९३६. युनियनला मान्यता मिळावी म्हणून जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी कारखान्यातल्या कामगारांनी काम थांबवलं, पण कोणी घरी गेलं नाही. मशीनशेजारीच सगळ्यांनी ठाण मांडलं.

हिशेब सरळ होता. संपकरी फाटकाबाहेर उभा राहिला, की मालक त्याच्या जागी दुसऱ्याला आत घेतो. आत बसलेल्याची जागा कशी भरणार? शिवाय मोटारीचे पत्रे दाबून घडवायचे बरेचसे अवजड साचे इथे होते. ते अडले की इतर शहरांतलं कामही अडतं.

११ जानेवारीला दुसऱ्या फिशर कारखान्यातली हिटिंग बंद झाली, जेवण अडवलं गेलं, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. आतून मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या आणि पाण्याचे फवारे आले. १ फेब्रुवारीला कामगारांनी जनरल मोटर्सच्याच शेव्हरोले विभागाच्या ९ नंबर कारखान्यात मुद्दाम गडबड केली. पहारेकरी तिकडे धावले आणि इंजिनं बनवणारा ४ नंबर हाती आला. तरीही पारडं फिरवलं ते गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी. त्यांनी सैनिक पाठवले, पण कामगारांना हुसकावायला वापरले नाहीत. मर्फी दोनच महिन्यांपूर्वी निवडून आले होते. ४४व्या दिवशी कंपनीने युनियनला मान्यता दिली.

(दृश्य: १९३५च्या कायद्याचं पान.)

युनियनला मान्यता मिळवून देणारा १९३५चा वॅग्नर कायदा असा चालतो: ३० टक्के कामगारांच्या सह्या गोळा करा, सरकारी कामगार मंडळाकडे अर्ज करा, गुप्त मतदान घ्या. बहुमत मिळालं की कंपनीला वाटाघाटीला बसावंच लागतं. करार करावाच लागतो असं मात्र नाही. पहिलं छिद्र हे. दुसरं: युनियन बांधणाऱ्याला बेकायदा काढलं, तर कंपनीला दंड नाही. बुडालेला पगार द्यायचा, तोही मधल्या काळात त्याने दुसरीकडे कमावलेलं वजा करून. तिसरं सर्वांत खोल: शेतमजूर आणि घरकामगार कायद्याबाहेर. दक्षिणेतले असंख्य कृष्णवर्णीय नेमकी हीच कामं करत.

१९४७मध्ये टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना युनियनच्या वर्गणीची सक्ती करणारे करार बंद करायची मुभा दिली. करार सगळ्यांसाठी लढवायचा, वर्गणी ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. यातून युनियनची तिजोरी आटते.

तरी ती सुबत्तेची वर्षं होती. १९५०च्या जनरल मोटर्स करारात महागाई भत्ता, आरोग्य विमा आणि २५ वर्षांच्या नोकरीनंतर सरकारी पेन्शनची रक्कम धरून महिना १०० डॉलर पेन्शन मिळालं. त्या दशकाच्या मध्यावर देशातला जवळपास दर तिसरा पगारदार युनियनमध्ये होता.

(दृश्य: नकाशा. डेट्रॉइटच्या उत्तर सीमेवरचा एट माइल रोड.)

या रस्त्याच्या उत्तरेला मॅकोम्ब काउंटी. मोटार कामगारांनी पेन्शनच्या भरवशावर इथे घरं घेतली. गोऱ्या कामगारांनी, हे स्पष्ट सांगायला हवं. कृष्णवर्णीयांना गृहकर्ज आणि घर, दोन्ही नाकारलं जाई. १९६०मध्ये डेमोक्रॅटिक केनेडींना इथे साठ टक्क्यांहून जास्त मतं पडली. १९८४मध्ये तेवढीच, किंबहुना थोडी अधिक, रिपब्लिकन रेगन यांना.

मधल्या काळात १९६७चा डेट्रॉइटचा वांशिक उद्रेक झाला, ४३ माणसं गेली. शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी शहर आणि उपनगरांतली मुलं बसने एकमेकांच्या शाळांत न्यायची योजना आली. उपनगरं पेटून उठली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या १९७२च्या प्राथमिक फेरीत वर्णभेदाचे पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस मिशिगन जिंकून गेले. १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही योजना शहराच्या हद्दीवर थांबवली. कारखान्यात जोडणीच्या एकाच रांगेत उभी राहणारी माणसं घरी रस्त्याच्या दोन बाजूंना वाटली गेली. आमच्या मते, फूट पडली ती इथे; कारखाने बंद पडायच्या कितीतरी आधी.

मग ऑगस्ट १९८१. हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप. सरकारी नोकरांना संप करायची मुभा नव्हती. अध्यक्ष रेगन यांनी कामावर परतायला ४८ तास दिले आणि ११ हजारांहून अधिक लोकांना काढून टाकलं. याच युनियनने आदल्या वर्षी रेगन यांना पाठिंबा दिला होता! संपकऱ्याच्या जागी कायमचा माणूस नेमायची परवानगी खासगी मालकांना सर्वोच्च न्यायालयाच्या १९३८च्या निकालापासूनच होती. ती वापरायला ते कचरत. आता भीड चेपली. १९५२मध्ये प्रत्येकी हजार किंवा त्याहून अधिक कामगारांचे ४७० संप झाले होते, २००९मध्ये फक्त ५.

(दृश्य: मतदान केंद्राबाहेरची रांग.)

मॅकोम्बने ओबामांना दोनदा निवडलं आणि २०१६मध्ये ट्रम्प यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी दिली. अख्ख्या मिशिगनमधली त्यांची आघाडी होती १०,७०४.

सप्टेंबर २०२३मध्ये मोटार कामगारांचा संप झाला. बायडन स्वतः संपकऱ्यांत जाऊन उभे राहिले. पदावरच्या अध्यक्षाने असं करण्याची ही पहिलीच वेळ. संपातून साडेचार वर्षांत २५ टक्के पगारवाढ आणि २००९मध्ये गोठवलेला महागाई भत्ता परत मिळाला. पुढच्या वर्षी मॅकोम्ब आणि मिशिगन पुन्हा ट्रम्प यांच्याकडे गेले. नव्या कराराची मुदत ३० एप्रिल २०२८ला संपते, कामगार दिनाच्या आदल्या दिवशी. इतर युनियननीही आपले करार त्याच तारखेला आणावेत, असं आवाहन मोटार कामगारांच्या युनियनने केलं आहे.