रेनश्टाइग : शांत डोंगरधारेची पूर्वतयारी

(दृश्य : येना शहरातील एका घरातले जेवणाचे टेबल. त्यावर उलगडलेला लांब, अरुंद नकाशा.)

हा नकाशा उलगडला की टेबलाच्या दोन्ही कडांबाहेर लोंबतो, पण त्याची रुंदी वीतभरच आहे. तो ज्या पायवाटेचा आहे, तिची ठेवणही अशीच आहे. मध्य जर्मनीतील थुरिंगियाच्या जंगलातून डोंगराच्या धारेवरून जाणाऱ्या या वाटेला ‘रेनश्टाइग’ म्हणतात. आयझेनाखजवळच्या ह्यॉर्शेल गावात, वेरा नदीच्या काठावर ती सुरू होते आणि १६९.३ किलोमीटर चालल्यानंतर ब्लांकेनश्टाइन गावात संपते. तिचा सर्वांत उंच टप्पा ९७३ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या पठारापेक्षाही बराच खाली. या वाटेवर बर्फाची शिखरे नाहीत, दोर लावून चढण्याचे कडेही नाहीत. जर्मनीत राहणारी आपली बहुतेक मंडळी सुट्टी मिळाली की आल्प्सची तिकिटे काढतात आणि हे बुटके, दाट झाडीचे डोंगर गाडीच्या खिडकीतून मागे पडत राहतात. या डोंगरांकडे कुणीतरी थांबून पाहावे, एवढ्याच इच्छेने हे चित्रीकरण झाले आहे.

(दृश्य : दोन जोड्या हात. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात शिवणकामाचा दोरा.)

पेन्सिल भाचीच्या हातात आहे, ती येनामध्ये नोकरी करते. दोरा आत्यांच्या हातात आहे. त्या साताऱ्याच्या शाळेतून भूगोल शिकवून निवृत्त झाल्या आणि तीन महिन्यांसाठी भाचीकडे आल्या आहेत. वाट वळणावळणाची असल्यामुळे पट्टीने अंतर मोजले तर ते कमी भरते, म्हणून आत्या दोरा वाटेवर वळणानुसार बसवतात आणि मग तो सरळ करून मोजतात. “आत्या, फोनवर एका बोटात कळतं गं,” असे भाची म्हणते. आत्यांचे उत्तर असे : “कळतं, पण लक्षात राहत नाही.”

साधारणपणे ही वाट सहा ते आठ दिवसांत चालतात. आत्यांच्या उजव्या गुडघ्याचा विचार करून या दोघींनी दहा दिवस धरले, म्हणजे रोजचा पल्ला सरासरी सतरा किलोमीटरांचा झाला. पण सरासरीवर मुक्काम ठरत नाहीत. ते पाण्यावर आणि पलंगावर ठरतात. या वाटेची सगळी पूर्वतयारी या दोन गोष्टींभोवती का फिरते, हे समजून घेण्यासाठी तिची जागा नीट पाहायला हवी.

(दृश्य : जंगलातील मोकळ्या जागेत तीन बाजूंचा दगडी स्तंभ.)

झिगमुंट्सबुर्ग गावाजवळचा हा स्तंभ १९०६ साली उभारला गेला. त्याला तीन नद्यांचा दगड म्हणतात. त्याच्या एका बाजूला पडलेले पावसाचे पाणी ग्र्युम्पेन, इत्स आणि माइन या नद्यांतून ऱ्हाइनला मिळते. दुसऱ्या बाजूचे पाणी रामबाख ओढ्याने श्वार्त्सा नदीत उतरून पुढे एल्बकडे जाते. तिसऱ्या बाजूचे पाणी वेरा नदीतून वेझरला पोहोचते. तिन्ही नद्या उत्तर समुद्रालाच मिळतात, पण त्यांची मुखे वेगवेगळी आहेत. आत्या या दगडाला प्रदक्षिणा घालतात तेव्हा त्या कशाचा विचार करत असतील, हे साताऱ्याच्या माणसाला सांगावे लागणार नाही. महाबळेश्वरच्या एकाच माथ्यावरून कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते आणि सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरते, हे त्यांनी फळ्यावर किती वर्षे काढले असेल.

रेनश्टाइग ही अशी पाणलोटाची धार आहे. पाऊस तिच्या दोन्ही अंगांना वाहून जातो आणि माथ्यावर फारसे काही थांबत नाही. वाटेच्या आसपास झरे आहेत, पण पुष्कळदा धार सोडून खाली उतरावे लागते, आणि जेवढे उतरावे तेवढेच पुन्हा चढावे लागते. म्हणून नकाशावर प्रथम निळ्या पेन्सिलीने पाण्याच्या जागा नोंदवल्या गेल्या : कोणत्या खानावळीत बाटल्या भरता येतील, कोणता झरा वाटेपासून किती खाली आहे, आणि कोणत्या पल्ल्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत काहीच मिळण्याची खात्री नाही. शेवटच्या प्रकारच्या दिवशी प्रत्येकी तीन लिटर पाणी सोबत घ्यायचे, म्हणजे पाठीवर तीन किलो वाढले, असे वहीत लिहिले आहे.

(दृश्य : शेवाळलेला शिवेचा दगड, अगदी जवळून. त्यावर कोरलेली अक्षरे. आत्या बोटाने शेवाळ बाजूला करतात.)

ही धार पाण्याची शीव आहे, तशीच ती माणसांनी आखलेलीही शीव आहे. १३३० सालच्या एका दस्तऐवजात तिचा पहिला उल्लेख ‘र्‍यिनेश्टिग’ असा सापडतो. पुढे कित्येक शतके थुरिंगिया लहान लहान संस्थानांत वाटला गेला होता आणि त्यांच्या हद्दी या धारेवर येऊन टेकत. वाटेच्या कडेने आजही शेकडो शिवेचे दगड उभे आहेत. एका अंगाला ‘के’ आणि ‘पी’ ही अक्षरे दिसली तर त्या बाजूला प्रशियाचे राज्य होते असे समजावे, ‘के’ आणि ‘बी’ दिसली तर बवेरियाचे. जिथे तीन सत्ताधीशांच्या हद्दी एका बिंदूत मिळत, तिथल्या दगडाला तीन धन्यांचा दगड म्हणतात, आणि असे दगडही या वाटेवर अनेक आहेत. नॉयश्टाट गावात तर गावातला रस्ताच हद्द होता; रस्त्याच्या दोन बाजूंची घरे दोन वेगळ्या संस्थानांत मोडत. १९२० साली ही संस्थाने एकत्र येऊन थुरिंगिया राज्य झाले, तेव्हा यांतल्या बऱ्याच दगडांचे काम संपले. आत्यांच्या बोटाखालच्या या दगडावरची अक्षरे अजून इतकी ठसठशीत आहेत की डोळे मिटूनही वाचता येतील.

शीव आणि पाणलोट एकाच रेषेवर आले, म्हणून या धारेवर मोठे गाव वसले नाही, शेती झाली नाही आणि जंगल राहिले. इथली शांतता अशी घडलेली आहे. प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत ती सहज मिळणारी वस्तू वाटते, पण चालणाऱ्याला ती वेगळ्या रूपात भेटते : वाटेवर दुकान नाही, दोन गावांमध्ये अर्ध्या दिवसाचे अंतर आहे आणि संध्याकाळी पाठ टेकण्याची जागा आधी ठरवल्याशिवाय निघता येत नाही.

(दृश्य : भाची फोनवर. टेबलावर आखलेला तक्ता, बरीच खाडाखोड.)

हे दूरध्वनी दोन संध्याकाळी चालले. खेड्यातल्या बऱ्याच खानावळी आणि निवासगृहे आठवड्यातून एक किंवा दोन दिवस बंद असतात. त्या दिवसाला जर्मन भाषेत ‘रूहेटाग’, म्हणजे विश्रांतीचा दिवस म्हणतात. कुणाचा सोमवार असतो, कुणाचा मंगळवार, आणि रविवारी तर देशभरातली जवळजवळ सगळी दुकाने बंद. त्यामुळे एका मुक्कामाचा दिवस हलला की पुढच्या सगळ्या मुक्कामांचे दिवस हलतात. या तक्त्यात पहिल्या रकान्यात गाव, दुसऱ्यात वार, तिसऱ्यात रात्रीचे जेवण मिळेल का याचे उत्तर आणि चौथ्यात दुसऱ्या दिवशीच्या शिदोरीची सोय, असे लिहिलेले आहे. तिसरा रकाना भरला नाही तोवर दोघींनी एकही मुक्काम पक्का धरला नाही. मूळ योजनेत त्या शनिवारी निघणार होत्या; सगळे वार जुळवता जुळवता निघण्याचा दिवस बुधवार झाला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. घरगुती निवासगृह चालवणाऱ्या वयस्क मालकांना फोन करून, आपण किती वाजता पोहोचू, काय खातो आणि काय खात नाही हे आधी सांगणे हा नुसता उपचार नाही. दोन शाकाहारी माणसांसाठी बटाट्याचे गोळे आणि लाल कोबीची भाजी बाजूला काढून ठेवायची असेल, तर त्यांना आदल्या दिवशी कळायला हवे. अशी छोटी घरे टिकली तरच ही वाट पायी चालण्याजोगी राहील, आणि ती टिकायची तर चालणाऱ्यांनी तिथे उतरले पाहिजे. मे महिन्यातील धावण्याच्या मोठ्या शर्यतीच्या दिवसांत हजारो माणसे येतात आणि पलंग मिळणे कठीण होते, तेव्हा त्या तारखा टाळलेल्या बऱ्या.

तंबू घेऊन जावे का, हाही प्रश्न निघाला होता. जर्मनीच्या १९७५ च्या वनकायद्याने प्रत्येकाला मन रमवण्यासाठी जंगलात फिरण्याचा हक्क दिलेला आहे, मग ते जंगल सरकारी असो वा खाजगी. हा फार मोठा हक्क आहे. पण त्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकण्याची मुभा नाही, आणि जंगलात आग पेटवण्याची तर अजिबात नाही. वाटेवर लाकडी आडोसे आहेत. ते पावसापासून बचावासाठी आणि अडचणीच्या वेळेसाठी आहेत. तंबू घरीच राहिला.

(दृश्य : स्वयंपाकघरातील वजनकाटा. त्यावर एकेक वस्तू ठेवली जाते आणि काढली जाते.)

आत्यांच्या सॅकचे वजन पाण्यावाचून सहा किलोंच्या वर जाऊ द्यायचे नाही, असे ठरले होते. काट्यावर प्रत्येक वस्तू चढते : पावसाळी अंगरखा ३१० ग्रॅम, गुडघ्याचा पट्टा ९० ग्रॅम, दोन जोड मोजे, विजेरी, नकाशा. पितळेचा छोटा डबा चढतो, आत्या त्याच्याकडे पाहतात आणि तो खाली ठेवून प्लास्टिकचा घेतात. भाजलेल्या पोह्यांचा चिवडा आणि शेंगदाण्याची चिक्की मात्र वजन न पाहता गेली. शेवटी चिमटा येतो, बोटाएवढा. तो गोचिडांसाठी आहे. थुरिंगियाच्या गवतात आणि झुडपांत गोचीड असतात, त्यांच्या चाव्यातून बोरेलिया हा जिवाणू आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा विषाणू अंगात जाऊ शकतो. विषाणूवर लस आहे, पण तिच्या पहिल्या दोन मात्रांत काही आठवड्यांचे अंतर लागते, म्हणून तयारीतली ही बाब सर्वांत आधी उरकावी लागते. बोरेलियावर उपाय म्हणजे रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली नीट तपासणे.

वहीच्या मागच्या पानावर तीन स्थानकांची नावे आहेत : एर्न्स्टटाल, नॉयहाउस आणि श्टाइनबाख आम वाल्ड. गुडघ्याने नकार दिला तर वाट सोडून रेल्वे कुठे गाठता येईल, याची ती नोंद आहे. त्याखाली ११२ हा आपत्काळाचा क्रमांक लिहिलेला आहे. जंगलात ठिकठिकाणी पांढऱ्या फुलीचे हिरवे फलक लावलेले असतात आणि प्रत्येकावर त्या जागेचा क्रमांक असतो. फोनवर तो सांगितला की मदत पथकाला नेमकी जागा कळते.

(दृश्य : खोडावर रंगवलेला पांढरा ‘आर’. मग एकामागून एक अनेक खोडे.)

वाटेची खूण हा पांढरा ‘आर’ आहे. चालणारे प्रेमाने त्याला ‘मारायले’ म्हणतात. १८२९ साली युलियस फोन प्लेंकनर या नकाशाकाराने ही वाट सलग चालून तिचे वर्णन लिहिले. १८९६ साली रेनश्टाइगप्रेमींची संघटना स्थापन झाली. मग देशाची फाळणी झाली. वाटेचा पूर्वेकडचा भाग दोन जर्मनींच्या सीमेवर येत होता, काही किलोमीटर पलीकडच्या बवेरियात होते, आणि कित्येक वर्षे सबंध वाट कुणालाच चालता आली नाही. २८ एप्रिल १९९० रोजी ती पुन्हा पूर्ण खुली झाली. श्टाइनबाख आणि ब्रेनर्सग्र्यूनच्या दरम्यान आज जी मोकळी, झुडपांची पट्टी दिसते, ती जुन्या सीमेची आहे; आता तिला हरित पट्टा म्हणून जपले जाते.

(दृश्य : उघडा उतार. करड्या, निष्पर्ण खोडांच्या रांगा.)

२०१८ पासूनच्या दुष्काळाने आणि सालीखालच्या भुंगेऱ्यांनी इथले स्प्रूस वृक्ष मोठ्या प्रमाणावर मेले, वाटेवरची सावली गेली, आणि तक्त्यातला पाण्याचा आकडा पूर्वेकडच्या दिवसांसाठी तीनवरून साडेतीन लिटर झाला.

(दृश्य : ह्यॉर्शेल. वेरा नदीचा काठ. आत्या वाकून एक खडा निवडतात.)

वेरा नदीतला खडा उचलून वाटेच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात सोडायचा, अशी इथली प्रथा आहे. समोरून येणाऱ्याला ‘गूट रुन्स्ट’ म्हणायचे, हीसुद्धा. दहा दिवसांच्या तक्त्यात एकच बदल झाला : मासरबेर्गला एक दिवस विश्रांती घ्यावी लागली, आणि त्यापुढचे तीन फोन पुन्हा करावे लागले. दोन घरांनी तारीख बदलून दिली. तिसऱ्याचा रूहेटाग होता, तिथून चार किलोमीटर अलीकडे खोली मिळाली.

(दृश्य : ब्लांकेनश्टाइन. झेल्बिट्स नदीवरचा पूल. पाण्यात पडणारा खडा.)

ब्लांकेनश्टाइनहून पलीकडच्या बवेरियाकडे, मार्क्सग्र्यूनला जाणारा रेल्वेमार्ग १९४५ पासून तुटलेला आहे. परतीची गाडी झालफेल्डच्या दिशेनेच मिळते. तिची वेळ वहीत आधीपासून लिहिलेली होती. दोघी फलाटावर पोहोचल्या तेव्हा गाडी सुटायला पाऊण तास होता.