बटण मागितलं म्हणून बटण देऊ नका

(सांगलीत झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय ‘वाढत्या सॉफ्टवेअरसाठी खास इंटरफेसची रचना’ असा छापलाय. हे वाचूनसुद्धा एवढी माणसं आली, म्हणजे सांगलीत तंत्रज्ञानाची गोडी वाढली असणार, नाहीतर चहाबरोबर भडंग आहे ही बातमी फुटली असणार. (हशा) १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, त्या गावासमोर बोलायचं म्हणजे धाकच असतो. इथली माणसं कंटाळली की उठून जात नाहीत, खोकतात. तेव्हा खोकला आला तर मला कळेल.

पुढच्या रांगांत मार्केट यार्डातली मंडळी दिसताहेत आणि मागे वालचंद कॉलेजची मुलं. पुढच्यांना सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, मागच्यांना उद्या ते लिहावं लागणार. भांडण तुमचं आहे, मी मधल्या मध्ये बोलणी खाते. इंटरफेस म्हणजे काय ते सांगत बसत नाही. मोबाइलवर वीजबिल भरताना तुम्ही ज्याच्यावर चिडता, तो.

माझं म्हणणं तसं लहान आहे. सॉफ्टवेअर वाढतं तेव्हा त्यातली कामं वाढतात, पण ते वापरणाऱ्या कुठल्याही एका माणसाचं काम वाढत नाही. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीच्या हिशेबाचा कागद, करणारा पट्टीच करतो, गोदाम बघणारा पोतीच मोजतो. मग त्या दोघांच्या स्क्रीनवर दरवर्षी नवी बटणं का उगवतात? हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी पाहिलीत त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. जमिनीखाली पोट भलं मोठं, वर तोंड एक माणूस उतरेल एवढंच. सॉफ्टवेअरही तसंच हवं. २००५ आणि २०१९च्या पुरांनी त्यातली बरीच निकामी केली, तो विषय वेगळा आहे आणि त्यावर मी बोलायला लागले तर आज घरी जायला नको.

आता एक गाऱ्हाणं. आधीच सांगते, कंपनीचं नाव विचारू नका.

हळदीच्या एका अडत दुकानात तात्या म्हणून दिवाणजी आहेत. मी त्यांना काम करताना पाहिलंय. सौदे संपले की गल्ल्यासमोर शेतकऱ्यांची रांग लागते. प्रत्येकाला गावची एसटी गाठायची असते. तात्यांची नजर समोरच्या माणसाच्या तोंडावर, उजवा हात आकड्यांच्या कळांवर. नावाची दोन अक्षरं, एन्टर. गाव, एन्टर. पोती, एन्टर. वजन, एन्टर. क्विंटलचा दर, एन्टर. हमाली, तोलाई आपोआप वजा होते आणि पट्टी छापून बाहेर. एवढ्यात त्यांचं शेतकऱ्याशी पोराच्या लग्नाचं बोलणंही झालेलं असतं. स्क्रीनकडे बघायचं काम फक्त शेवटी, आकडा वाचून दाखवायला. ती जुनी स्क्रीन दिसायला भिकार होती, मी कबूल करते. निळ्यावर पिवळी अक्षरं. पण तिच्यामुळे कुणाची एसटी चुकली नव्हती.

मग कंपनीनं ‘नवा लूक’ आणला, तोही ऐन हंगामात. हळदीचे सौदे रंगात असताना! सकाळी तात्यांनी मशीन चालू केलं तर समोर ‘शुभ प्रभात’. खाली रंगीत चकत्या, त्यात कालची विक्री. तात्यांना कालची विक्री चकतीत बघायची नव्हती, ती त्यांच्या वहीत होती. पट्टीची स्क्रीन तीन क्लिक आत गेली होती, आणि क्लिक म्हणजे माऊस. ज्या टेबलावर वही, शिक्के, हळदीचे नमुने आणि चहाचा कप आहे, तिथे माऊस फिरवायला जागा कुठली?

(मुलांसाठी जाता जाता सांगते. पॉल फिट्स यांनी १९५४ साली हेच मोजून मांडलं होतं : लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त. तुम्ही हा नियम परीक्षेत लिहिता आणि प्रोजेक्टमध्ये बारीक बटण वरच्या कोपऱ्यात ठेवता.)

पण खरी मजा पुढे आहे. नवी आवृत्ती ब्राउझरमध्ये चालायची. ब्राउझरच्या फॉर्ममध्ये एन्टर दाबलं की, मुद्दाम वेगळी सोय केलेली नसेल तर, फॉर्म जमा होतो. पुढच्या रकान्यात जात नाही. तात्यांच्या बोटांना वर्षानुवर्षं एन्टर म्हणजे ‘पुढे’ एवढंच माहीत. त्यांनी वजन टाकलं, एन्टर दाबलं, आणि दर न टाकताच पट्टी जमा झाली. दर शून्य, म्हणून रक्कम शून्य. त्यातून हमाली वजा, तोलाई वजा. छापील पट्टी बाहेर आली ती उणे रकमेची. म्हणजे शेतकऱ्यानं हळद विकली आणि वर दुकानालाच पैसे देणं लागला! (हशा) हसताय तुम्ही, पण त्या शेतकऱ्यानं ती पट्टी उलटीसुलटी करून बघितली आणि तात्यांना विचारलं, “आता मी काय, हळद परत नेऊ का?”

तात्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. तिकडचा मुलगा फार नम्र. म्हणाला, “सर, ते ब्राउझरचं डिफॉल्ट आहे.” तात्या म्हणाले, “त्याला फोन द्या.” (हशा) मला तात्यांचं दुसरं एक वाक्य जास्त लागलं. मी दुकानात गेले तेव्हा म्हणाले, “ताई, ह्ये यंत्र माझ्या बोटांवर इस्वास ठेवंना झालंय.” इंटरफेसवर मी पुष्कळ ऐकलंय, पण तक्रार एवढी नेमकी कुणी केलेली नाही.

यात कंपनीतली पोरं मूर्ख नव्हती. त्यांच्या जुन्या स्क्रीनवर बटणांचं पेव फुटलं होतं, म्हणून त्यांनी सगळं पुसून नव्यानं मांडलं. ती बटणं आली कुठून? गिऱ्हाइकांकडून. तुमच्याकडूनच! एकजण म्हणतो मला बारदानाचं वजन वेगळं दाखवा, दुसरा म्हणतो उचल इथंच कापा, तिसरा म्हणतो छापताना वर गणपतीचं चित्र पाहिजे. विक्रीवाला म्हणतो, “देतो की, एक बटण तर आहे.” हे एक बटण नावाचं प्रकरण मोठमोठ्यांना भोवलंय. मायक्रोसॉफ्टचं वर्ड घ्या. विंडोजवरचं पहिलं वर्ड १९८९चं, त्याला टूलबार होते २. वर्ड २००३पर्यंत टूलबार झाले ३१, वर बाजूला उघडणारे पॅन १९. लोक कंपनीकडे नव्या सोयी मागायचे आणि त्यातल्या कितीतरी आत आधीपासूनच असायच्या, सापडत नव्हत्या एवढंच. मधे ऑफिस २०००मध्ये त्यांनी एक शक्कल लढवली : जे तुम्ही वापरत नाही ते मेनूतून आपोआप लपवायचं. लोक आणखी वैतागले, कारण काल जिथे होतं तिथे आज नाही. शेवटी २००७ साली मेनू आणि टूलबार काढून बटणांचे गट दाखवणारी रिबन आणली, तेव्हाही बोंब झालीच. पुढे त्याच कंपनीनं विंडोज ८मधून २०१२ साली स्टार्ट बटण काढलं आणि वर्षभरात ८.१मध्ये परत बसवलं. एवढा पैसा, एवढे हुशार लोक, आणि तरी हाताची सवय मोडायला गेल्यावर हात आधी जिंकला.

याच्या उलट टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बघा. यार्डातल्या मंडळींना सांगायला नको : एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. २०२०मध्ये टॅलीप्राइम आलं, चेहरामोहरा बदलला, पण या कळा जागच्या जागी ठेवल्या. शोभेला त्याला कुणी बक्षीस देणार नाही. पण हिशेबनीस कळफलकावरून हात न उचलता दिवस काढतो, आणि ज्याला जास्तीची सोय हवी तो एफ११ किंवा एफ१२मध्ये जाऊन ती चालू करतो. बाकीच्यांना ती दिसतही नाही.

मग ‘खास’ म्हणजे काय? इथे माझं आणि बऱ्याच जणांचं वाजतं. त्यांच्या मते खास म्हणजे त्या गिऱ्हाइकाच्या नावाचं, त्याच्या रंगाचं, त्याच्या मागणीचं. मी म्हणते खास म्हणजे त्या कामाचं. हळदीच्या अडतीचं सॉफ्टवेअर चाललं की पुढचं गिऱ्हाईक हमखास तासगावचं असतं, बेदाण्याचं. वरवर पाहिलं तर तेच : माल आला, सौदा झाला, पट्टी केली. पण हळदीचा दर क्विंटलला, बेदाण्याचा किलोला. हळद पोत्यात, बेदाणा बॉक्समध्ये. बेदाण्याचा माल कोल्ड स्टोअरेजमध्ये पडलेला असतो, भाडं चढत असतं, आणि सौद्याच्या वेळी लॉट कुठल्या शीतगृहात आहे हे आधी लागतं. आता हळदीच्या स्क्रीनवरच ‘किलो की क्विंटल’ असा प्रश्न ठेवला, तर तात्यांना प्रत्येक पट्टीला एक एन्टर जास्त, आणि घाईत किलो निवडलं गेलं तर रक्कम शंभरपट. शेतकरी त्या दिवशी मात्र हळद परत मागणार नाही! (हशा)

...चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं होतं ते आता सुरू करते.

तर, सगळंच खास घडवायला जाऊ नका. लॉगिन, पासवर्ड, सेटिंग यासाठी तयार भाग मिळतात, बूटस्ट्रॅप २०११पासून आहे, मटेरियल डिझाइन २०१४पासून, ते बिनदिक्कत वापरा. ज्या स्क्रीनसमोर माणसाचा दिवस जातो, तीच हातानं घडवा. त्यासाठी तिथे जाऊन बसा, गर्दीच्या वेळी. मालकाला विचारून काम कळत नाही. मालकाला चकत्या आवडतात.

खालची बांधणी मात्र एकच ठेवा. रंग, अंतरं, अक्षरांचे आकार यांना नावं देऊन एका जागी ठेवायचं, त्याला डिझाइन टोकन म्हणतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर निदान ४.५ला १ हवं. भर उन्हातून दुकानात आलेल्या माणसाला करड्यावर करडं दिसत नाही. त्यावर भाग रचायचे. ‘वजनाचा रकाना’ हा एक भाग : दशांश घेतो, एकक बाहेरून ठरतं, एन्टरनं पुढे जातो. तो हळदीला तोच, बेदाण्यालाही तोच. एन्टर एकदाच नीट बसवायचा, सगळीकडे नीट बसतो. आणि या भागांतून प्रत्येक कामाची स्क्रीन वेगळी जुळवायची.

गिऱ्हाइकागणिक कोडची वेगळी प्रत कधीही काढू नका. ज्यांनी काढल्या होत्या त्यांना १ जुलै २०१७ला, जीएसटी आला त्या दिवशी, काय झालं ते विचारा. एक बदल, आणि तो प्रत्येक प्रतीत पुन्हा पुन्हा. याच्या उलट टोकही नको : ‘तुमची स्क्रीन तुम्हीच रचा’. ऐकायला छान, पण मग मदतीचा फोन आला की ‘डावीकडचं बटण दाबा’ असं म्हणता येत नाही, कारण त्याच्या डावीकडे काय आहे ते देवाला ठाऊक. थोड्या निवडी द्या, आणि सुरुवातीला त्यातली कुठली लागू असेल ती विचार करून ठरवा. बहुतेक लोक ती कधी बदलत नाहीत.

मराठीचं भरभर सांगते. इंग्रजी मापानं ओळीची उंची ठेवली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. वजनातली ‘तूट’ मी ‘तट’ झालेली पाहिली आहे. आणि १,००,००० हे १००,००० असं छापलं की दुकानात सगळे बोटं घालून शून्यं मोजतात. ही सोय ब्राउझरमध्ये तयार आहे, फक्त भारतीय पद्धत सांगावी लागते.

शेवटचं, बदल कसा आणायचा. हंगामात नाही, हे तर झालंच. नवी स्क्रीन फीचर फ्लॅगच्या मागे ठेवा, म्हणजे कोड सगळीकडे जातो पण ती दिसते तुम्ही ठरवाल त्यालाच. आधी एका दुकानात उघडा, जुनी शेजारी राहू द्या. पट्टीला वेळ किती लागला, किती पट्ट्या रद्द कराव्या लागल्या, हे नोंदीतून बघा, अभिप्रायाच्या फॉर्मवर जाऊ नका. तिथे सगळे ‘छान’ लिहितात. एक अख्खा हंगाम जुनी स्क्रीन कुणी उघडली नाही, की मग ती काढा. तोवर दोन्ही सांभाळायचा खर्च येतो, तो किमतीत धरा आणि गिऱ्हाइकाला आधी सांगा. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी इथे खोकू नये. (हशा)

प्रश्न मागच्या मुलांचे आधी घेते, त्यांची मेस बंद व्हायची वेळ झाली आहे म्हणे.