पान जागेवर नाही

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. ब्राउझरमध्ये वीसेक टॅब उघडे आहेत. माउसचा बाण सकाळी उघडलेल्या एका टॅबवर येऊन थांबतो.]

सकाळी उघडून ठेवलेल्या टॅबवर आपण दुपारी परत येतो, तेव्हा तो कधी कधी क्षणभर अडखळतो. पडदा कोरा राहतो, आणि मग काहीच घडले नसल्यासारखे सारे पूर्ववत होते. "संगणक जरा अडकला," एवढे म्हणून आपण पुढे जातो. त्या एका क्षणात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यात जी देवाणघेवाण होते, ती आज आपण सावकाश पाहणार आहोत.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. कोणताही प्रोग्रॅम मेमरीतील ज्या पत्त्यावर माहिती ठेवतो किंवा जिथून ती वाचतो, तो पत्ता खरा नसतो. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र, सलग आणि भरपूर मोठी मेमरी दिल्याचा आभास निर्माण करते, म्हणून तिला आभासी मेमरी म्हणतात. या आभासी मेमरीचे समान आकाराचे तुकडे केलेले असतात आणि त्या तुकड्यांना पाने म्हणतात. घरोघरी आढळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एक पान ४०९६ बाइटचे असते. मराठी मजकुरातील प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार हे सारे वेगवेगळे मोजून, यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. म्हणजे एका पानात अशी १३६५ चिन्हे मावतात. छापील पुस्तकाच्या पानावर साधारण तेवढाच मजकूर असतो, त्यामुळे पान हा शब्द मराठीत तरी अगदी चपखल बसला आहे.

खऱ्या मेमरीत या पानांसाठी तेवढ्याच आकाराच्या चौकटी असतात. ८ जीबी मेमरीत अशा सुमारे एकवीस लाख चौकटी होतात. कोणते पान कोणत्या चौकटीत आहे, याची नोंद ऑपरेटिंग सिस्टिम एका तक्त्यात ठेवते आणि प्रोसेसर त्या तक्त्याच्या आधारे आभासी पत्त्याचा खरा पत्ता करून घेतो. तक्त्याच्या प्रत्येक नोंदीत काही खुणा असतात. पान सध्या मेमरीत आहे की नाही, ते अलीकडे वापरले गेले का आणि त्यात काही बदल झाला का, हे त्या खुणांवरून कळते. आपली पुढची सारी गोष्ट याच तीन खुणांवर चालते.

[दृश्य: मँचेस्टर विद्यापीठ. जुनी कृष्णधवल छायाचित्रे: कपाटांच्या रांगा, तारांची जाळी.]

ही कल्पना प्रत्यक्षात आली ती इंग्लंडमधील मँचेस्टर येथे. टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली मँचेस्टर विद्यापीठाने फेरांटी या कंपनीच्या साथीने उभारलेल्या ॲटलस संगणकाचे उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झाले. त्याच्या मुख्य मेमरीत, म्हणजे चुंबकीय कड्यांच्या कोअर मेमरीत, ४८ बिटांचे १६,३८४ शब्द (इथे शब्द म्हणजे ठराविक लांबीचा माहितीचा तुकडा) मावत. आजच्या मापात ही मेमरी ९६ केबी भरते. तिच्या जोडीला ९८,३०४ शब्दांचे चुंबकीय ड्रम होते. दोन्ही मिळून जेवढी जागा होत असे, तेवढ्यात आज फोनवर काढलेला एक फोटोही मावणार नाही.

ॲटलसच्या आधी अपुऱ्या मेमरीचे ओझे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावरच असे. प्रोग्रॅमचा कोणता भाग केव्हा ड्रमवरून मेमरीत आणायचा, कोणता पुसून त्याची जागा दुसऱ्याला द्यायची, हे सारे त्याने आधीच आखून प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवायचे. मूळ गणित सोडवण्यात जेवढे डोके चालवावे लागे, तेवढेच या जागेच्या हिशेबातही. किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब माणसाकडून काढून यंत्राकडे सोपवला. कोअर आणि ड्रम हे दोन वेगळे साठे प्रोग्रॅमला एकच सलग साठा म्हणून दिसावेत, अशी रचना त्यांनी केली. मेमरीच्या ५१२ शब्दांची एक अशा ३२ चौकटी केल्या, आणि मागितलेले पान त्या ३२ चौकटींत नसेल, तर यंत्राने स्वतःच ते ड्रमवरून आणायचे, अशी व्यवस्था ठेवली.

त्यातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. ॲटलसमध्ये एक चौकट नेहमी रिकामी ठेवली जात असे. पान मागितले गेले, की ते आधी त्या रिकाम्या चौकटीत आणायला सुरुवात व्हायची, आणि ते येत असतानाच पुढच्या वेळेसाठी कोणते पान बाहेर काढायचे याचा निर्णय व्हायचा. मागणाऱ्याला आधी वाढायचे आणि जागेचा विचार मागाहून करायचा, असा हा क्रम होता. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिमही काही चौकटी मोकळ्या राखून ठेवतात. मोकळ्या चौकटींची संख्या ठराविक पातळीखाली उतरली, की मेमरी पूर्ण संपण्याची वाट न पाहता त्या मागच्या मागे सफाई सुरू करतात, म्हणजे काही पाने मेमरीबाहेर काढतात.

[दृश्य: रेखाचित्र. तक्त्यातील एक ओळ लाल होते.]

आता आपल्या अडखळलेल्या टॅबकडे परत येऊ. टॅबवर क्लिक होताच ब्राउझर त्या टॅबच्या माहितीचा एक पत्ता मागतो. प्रोसेसर तक्त्यात पाहतो. तिथली खूण सांगते, की पान जागेवर नाही. ही स्थिती म्हणजे पेज फॉल्ट. शब्दात 'फॉल्ट' असला, तरी यात चूक कोणाचीच नसते. प्रोसेसर चालू आज्ञा अर्ध्यावर सोडून ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो. ती आधी खात्री करते, की हा पत्ता खरोखरच या प्रोग्रॅमच्या हद्दीतला आहे. नसेल, तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद पडतो. असेल, तर ते पान डिस्कवर नेमके कुठे ठेवले आहे, हे ती आपल्या नोंदींवरून शोधते, एक मोकळी चौकट घेते आणि डिस्कला वाचनाची आज्ञा देते. पान येईपर्यंत ब्राउझरचे ते काम निजवले जाते आणि प्रोसेसर दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. पान आले, की तक्ता दुरुस्त होतो, ब्राउझर जागा होतो आणि अर्ध्यावर सुटलेली तीच आज्ञा पुन्हा पहिल्यापासून चालवली जाते. मध्ये काही घडले होते, याचा ब्राउझरला पत्ताही लागत नाही.

त्याला पत्ता लागत नसला, तरी तो वेळ आपल्याला जाणवतो. मेमरीतील एका वाचनाला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. ते वाचन एका सेकंदात होते असे मानले, तर त्याच प्रमाणात एसएसडीवरून, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवरून, पान आणायला सुमारे सतरा मिनिटे लागतील, आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून आणायला सव्वा दिवसाच्या आसपास. एखादे पान आणायला एवढा वेळ गेला तर चालते. हजारो पाने आणावी लागली, की संगणक गोठल्यासारखा वाटू लागतो.

म्हणूनच बाहेर कोणते पान काढायचे, हा या विषयाचा गाभा आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये दाखवले, की ज्या पानाची गरज भविष्यात सर्वांत उशिरा पडणार आहे ते काढणे सर्वोत्तम ठरते. पण भविष्य यंत्राला ठाऊक नसते, आणि त्यामुळे भूतकाळावरून अंदाज बांधावा लागतो. तोही जपून बांधावा लागतो. सर्वांत आधी आलेले पान सर्वांत आधी काढावे, ही पद्धत वरकरणी रास्त वाटते. समजा, पानांची मागणी १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाने आली. तीन चौकटी असतील, तर या पद्धतीत नऊ वेळा पान आणावे लागते. चौकटी चार केल्या, तर दहा वेळा. मेमरी वाढवली आणि काम वाढले! कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. हाताने केल्याशिवाय त्यावर विश्वास बसत नाही. बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही विसंगती आजही बेलाडी यांच्याच नावाने ओळखली जाते. जे पान अलीकडे वापरले गेले ते राखावे आणि बराच काळ कोणी न शिवलेले काढावे, या धोरणात ती उद्भवत नाही, आणि आजच्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिम त्याच धोरणाच्या वेगवेगळ्या जवळपासच्या रूपांवर चालतात.

हे धोरण यशस्वी का होते, याचे उत्तर प्रोग्रॅमांच्या स्वभावात आहे. प्रोग्रॅम कितीही मोठा असला, तरी कोणत्याही थोड्या काळात तो आपल्या मोजक्याच पानांभोवती घुटमळत असतो. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या मोजक्या पानांच्या समूहाला वर्किंग सेट असे नाव दिले आणि त्या वेळच्या मोठ्या संगणकांना जडलेल्या एका विचित्र व्याधीचा उलगडा केला. एका मर्यादेपर्यंत प्रोग्रॅम वाढवत गेले, की संगणक जास्त काम उरकत असे. मर्यादा ओलांडली, की त्याचा वेग एकाएकी कोसळत असे. कारण सर्वांचे वर्किंग सेट मिळून मेमरीत मावेनासे झालेले असत. एकाचे पान आणायला दुसऱ्याचे काढायचे, आणि त्या दुसऱ्याला तेच पान लगेच हवे असायचे. सगळेच डिस्कच्या दाराशी ताटकळत असल्यामुळे प्रोसेसर रिकामा दिसे, आणि तो रिकामा दिसतो म्हणून काही यंत्रणा आणखी एक प्रोग्रॅम आत घेत, म्हणजे आगीत तेलच. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात.

[दृश्य: नव्वदच्या दशकातील घरगुती संगणक. हार्ड डिस्कचा दिवा अखंड चमकतो आहे.]

पुढे हे तंत्र लहान संगणकांतही आले. इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरमध्ये १९८५ साली ४०९६ बाइटच्या पानांची सोय होती. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये स्वॅप, म्हणजे मेमरीबाहेर काढलेली पाने डिस्कवर ठेवण्याची सोय, आले ते १९९१ च्या नाताळात. जर्मनीतील एका वापरकर्त्याच्या संगणकात अवघी दोन एमबी मेमरी होती आणि तेवढ्यात त्याला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करता (लिहिलेल्या मजकुरातून चालणारा प्रोग्रॅम तयार करता) येत नव्हते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या सुट्टीत पाने डिस्कवर ठेवण्याची व्यवस्था लिहून काढली. विंडोजमध्ये हेच काम पेजफाइल डॉट सिस नावाची फाइल करते, लिनक्समध्ये त्यासाठी डिस्कचा वेगळा भाग किंवा फाइल असते, आणि मॅकमध्ये स्वॅपच्या फाइली गरजेनुसार तयार होतात.

स्वॅप बंद केले की संगणक वेगवान होतो, असा सल्ला अनेकदा दिला जातो. या सल्ल्याशी मी सहमत नाही. मेमरीत दोन प्रकारची पाने असतात. काहींचे मूळ डिस्कवरच्या एखाद्या फाइलीत असते. प्रोग्रॅमच्या आज्ञांची पाने अशीच असतात. बदल झाला नसेल, तर ती नुसती टाकून देता येतात, कारण पुन्हा लागली तर मूळ फाइलीतून वाचता येतात. इतर पाने प्रोग्रॅमने चालता चालता निर्माण केलेली असतात; त्यांचे मूळ कुठेच नसते, आणि स्वॅप हाच त्यांना बाहेर ठेवण्याचा एकमेव मार्ग असतो. स्वॅप बंद केले, की सकाळपासून कोणी न शिवलेले पानही मेमरीत ठाण मांडून बसते आणि टंचाई आली, की सतत लागणाऱ्या आज्ञांची पाने टाकावी लागतात. ती पुन्हा पुन्हा डिस्कवरून वाचली जातात. डिस्कवरच्या फेऱ्या थांबत नाहीतच. फक्त चुकीच्या पानांच्या वाट्याला येतात.

त्यापुढचा टप्पा प्रत्येक यंत्रणेत वेगळा असतो. विंडोजमध्ये मेमरी आणि पेजफाइल यांच्या बेरजेएवढेच वचन प्रोग्रॅमांना देता येते, आणि ती मर्यादा आली, की नवी मागणी नाकारली जाते. लिनक्स मात्र सहसा हाताशी असलेल्या जागेपेक्षा जास्त देण्याचे कबूल करते, कारण मागितलेली सगळी मेमरी प्रोग्रॅम क्वचितच वापरतात. हा अंदाज फसला, तर कर्नल एखादा प्रोग्रॅम निवडून त्याला मारून टाकते, आणि त्यात जतन न केलेले कामही जाते. अँड्रॉइड फोन पाने डिस्कवर नेण्याऐवजी मुख्यतः दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, मेमरीतच ठेवतात. मॅकमध्येही २०१३ पासून पाने आधी दाबली जातात आणि त्यानंतरच, गरज भासली तर, डिस्कवर जातात.

[दृश्य: काळ्या पडद्यावर आकड्यांच्या ओळी, दर सेकंदाला एक.]

हे निवेदन ज्या लॅपटॉपवर लिहिले, त्याच्यात ८ जीबी मेमरी आणि २ जीबी स्वॅप आहे. या क्षणी त्यातील ६१४ एमबी स्वॅप भरलेले दिसते, म्हणजे दीड लाखांहून अधिक पाने. पाहणाऱ्याच्या मनात धास्ती उभी राहावी, असा हा आकडा आहे. परंतु साठा किती आहे यापेक्षा ये-जा किती आहे, हे पाहायचे असते. लिनक्समध्ये 'व्हीएमस्टॅट १' ही आज्ञा दर सेकंदाला एक ओळ छापते. त्यातील 'एसआय' या रकान्यात स्वॅपमधून आत आलेली माहिती दिसते आणि 'एसओ' या रकान्यात बाहेर गेलेली. दोन्ही आकडे मिनिटामागून मिनिट चढेच राहिले, तर मेमरी खरोखर अपुरी आहे, आणि काही प्रोग्रॅम बंद करणे किंवा मेमरी वाढवणे हाच त्यावर उपाय आहे. इथे मात्र दोन्ही रकान्यांत शून्ये आहेत. ती दीड लाख पाने सकाळपासून कोणीही मागितलेली नाहीत.

आता सकाळच्या त्या टॅबवर क्लिक करू. 'एसआय'च्या रकान्यात एका सेकंदासाठी चार आकडी संख्या उमटते. पुढच्या ओळीत पुन्हा शून्य येते, आणि टॅब उघडलेला असतो.