बौद्ध लग्नातल्या प्रतिज्ञा नक्की ऐकतं कोण?

जय भीम, नमो बुद्धाय मंडळी! मे महिना लागला, चाकरमानी गावी आले आणि कमेंटमध्ये पुन्हा तेच सुरू: "ताई, बौद्ध पद्धतीने लग्न करायचंय, काय काय लागतं?" फार काही लागत नाही, म्हणून पटापट सांगते.

टेबलावर पांढरं कापड, त्यावर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा. फुलं, मेणबत्त्या, अगरबत्ती. बौद्धाचार्य (विधी लावणारे गृहस्थ) किंवा भन्ते (भिक्खू) त्रिसरण-पंचशील देतात, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि पाच शीलं, वंदना होते, मग प्रतिज्ञा, हार, जयमंगल अष्टगाथा (मंगलाच्या आठ पाली गाथा) आणि अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या. झालं लग्न.

मुहूर्त नसतो. नसतो म्हणजे नसतोच! तरी पत्रिकेवर "दुपारी 12 वाजून 37 मिनिटांनी" छापून येतं. आमच्या वाडीत एकाला विचारलं, ही 37 मिनिटं कुणी काढली रे? म्हणाला, "प्रेसवाल्याच्या नमुन्यात तशीच होती." घ्या!

एका दादांनी विचारलंय, लग्नात नवरा-नवरीच्या मधे मडकं कशाला ठेवतात? आमच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचं मूळ गाव, त्यामुळे हे तरी आम्हाला माहीत असायला हवं. डिसेंबर 1956 मध्ये, महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहाचा विधी लिहून दिला. होम नाही, सप्तपदी नाही. दोघांच्या मधे स्टुलावर नवं मातीचं मडकं, काठोकाठ पाण्याने भरलेलं. पाण्यात सुती धागा सोडायचा, एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. कुणीतरी मंगलसुत्त म्हणायचं, म्हणजे खरं मंगल कशात ते सांगणारं बुद्धांचं सुत्त. कपडे दोघांचेही पांढरे. बस, एवढंच.

आता मला ज्यासाठी हा व्हिडिओ करायचा होता ते. प्रतिज्ञा.

या येतात दीघनिकायातल्या, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहातल्या, सिगालोवाद सुत्तातून. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी सहा दिशांना हात जोडायचा. बुद्धांनी त्याला सांगितलं, दिशा म्हणजे माणसं. पूर्व म्हणजे आईवडील, पश्चिम म्हणजे पत्नी. नवऱ्याने पाच गोष्टी पाळायच्या: तिचा मान राखायचा, तिचा अपमान करायचा नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहायचं, कारभार तिच्या हाती द्यायचा, दागदागिने द्यायचे. बायकोच्याही पाचच: कामं नीट करायची, घरची माणसं सांभाळायची, एकनिष्ठ राहायचं, मिळवलेलं जपायचं, आळस करायचा नाही.

आणि या प्रतिज्ञा मांडवात कुणालाही ऐकू येत नाहीत! बौद्धाचार्य सगळं वाक्य म्हणतात, नवरा नुसते ओठ हलवतो, बाहेर बेंजोवाला ताशा तापवत असतो, व्हिडिओवाला म्हणतो "इकडे बघा, हसा." अहो, काय हसा? आपल्यात अग्नी साक्षीला नाही, सात फेरे नाहीत. समोर बसलेली माणसं हीच साक्ष. त्यांनी ऐकलंच नाही तर साक्ष कशाची देणार, जेवणाची?

माझे बाबा बौद्धाचार्य आहेत. संगमेश्वरकडच्या एका लग्नात त्यांनी माईक सरळ नवऱ्याच्या हातात दिला. तीन वाक्यं बरी गेली. चौथं आलं, "संसाराचा कारभार मी हिच्या हाती सोपवीन", आणि मागून काका मंडळी खो खो हसायला लागली. पोरगा लाल झाला, पुढचं गिळून टाकलं. बाबा शांतपणे म्हणाले, "पुन्हा म्हण." दुसऱ्यांदा म्हणाला, पण हळू. "पुन्हा." तिसऱ्यांदा मात्र रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. नवरीने तिच्या पाचही न अडखळता म्हटल्या, कागद न बघता. काका मग वडे आले का ते बघायला गेले.

अजून एक. एका ताईंनी मला त्यांच्या लग्नात वाटलेला प्रतिज्ञेचा कागद पाठवला. तिच्या सात, त्याच्या तीन! तिच्यात सासूसासऱ्यांची सेवा वाढवलेली, त्याच्यातला कारभार गायब. सुत्तात दोघांना पाच-पाच आहेत, मग काटछाट कुणी केली? कागद छापायला जाण्याआधी मोजा. दोन दिवस आधी दोघांनी फोनवर एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवा. आणि तेवढी दहा मिनिटं बेंजो बंद. दहा मिनिटांनी बेंजोवाला उपाशी मरत नाही.

हळदीवर मी आज बोलणार नव्हते, कारण मागच्या वेळी खाली दोनशे कमेंटचं भांडण झालं. विधीत हळद नाही, हे उघड आहे. आपल्याकडे ती असते मटण-वडे आणि नाचासाठी, हेही सगळ्यांना माहीत आहे. "22 प्रतिज्ञा विसरलात का" (लग्नातल्या नव्हेत, बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या, जुने विधी सोडण्याच्या) असं लिहिणाऱ्या दादांच्या प्रोफाइलवर मला त्यांचाच हळदीचा फोटो दिसला, जाऊ दे. माझं एवढंच म्हणणं, पहाटे तीनपर्यंत नाचून नवऱ्याचा आवाज बसतो, आणि मग दुपारी प्रतिज्ञा पुन्हा कुणाला ऐकू येत नाहीत.

शेवटचा प्रश्न: "मुलगी हिंदू, मी बौद्ध, नोंदणी होईल का?" होईल. 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. फोटो, पत्रिका, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे घेऊन जा. साक्षीदार तीन लागतात. गावातले घ्या, मुंबईचे नको. सही करायची वेळ येते तेव्हा ते तुतारी एक्स्प्रेसच्या वेटिंग लिस्टमध्ये अडकलेले असतात.