एका चटईची खोली आणि सर्वांना सक्तीचे विषय

नमस्कार, श्रोतेहो.

पदवीसाठी एक विषय निवडल्यानंतर त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेले दुसरे विषय विद्यार्थ्याने का शिकावेत, आणि तेही सक्तीने का, हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी विचारला जातो. आज मी तो जपानमधील एका ख्रिस्ती विद्यापीठाच्या निमित्ताने विचारणार आहे. त्याचे नाव इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी. तेथील विद्यार्थी त्याला आयसीयू म्हणतात. आपल्याकडे हा शब्द ऐकताच रुग्णालयाचा मजला आठवून छातीत धस्स होते, म्हणून मी आपली नुसते विद्यापीठ म्हणेन.

टोकिओच्या पश्चिमेला मिताका नावाचे शहर आहे. तेथे 1949 साली या विद्यापीठाची स्थापना झाली आणि 1953 च्या एप्रिलमध्ये पदवीचे वर्ग सुरू झाले. पदवीसाठी तेथे एकच महाविद्यालय आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान यांची वेगवेगळी दारे नाहीत. मुख्य विषय 31 विषयांमधून निवडायचा असतो, परंतु तो प्रवेश घेताना नव्हे, तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस. पुन्हा सांगते, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, विद्यार्थ्याला मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि निसर्गविज्ञान या तिन्ही क्षेत्रांतील सामान्य शिक्षणाचे अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. भाषेचे कसून शिक्षण घ्यावे लागते, शारीरिक शिक्षणही घ्यावे लागते, आणि शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो. जपानमध्ये पदवीला किमान 124 श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, लागतात, येथे 136 लागतात. शारीरिक शिक्षणाचा तास येथे खरोखर शारीरिक शिक्षणाचा असतो, हे मुद्दाम सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या शाळेत परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताचे सर घेऊन टाकत, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून पूर्णपणे माफ केलेले नाही.

सामान्य शिक्षण ही केवळ या विद्यापीठाची हौस होती असे मात्र नाही. 1956 च्या सरकारी निकषांनुसार जपानमधील प्रत्येक विद्यापीठात सामान्य शिक्षणाचे 36 श्रेयांक, म्हणजे तिन्ही क्षेत्रांत प्रत्येकी 12, सक्तीचे होते. अनेक ठिकाणी हे विषय गर्दीच्या वर्गांत, कसेबसे उरकले जात आणि विद्यार्थी त्यांना ‘पान्क्यो’ अशा काहीशा हेटाळणीच्या नावाने ओळखत. 1991 मध्ये सरकारने ही सक्ती उठवली आणि पाहता पाहता बहुतेक विद्यापीठांनी आपले सामान्य शिक्षणाचे विभाग मोडीत काढले. मिताकाच्या विद्यापीठाने मात्र आपली रचना सोडली नाही. सरकारची सक्ती गेली तरी त्याने स्वतःची सक्ती का ठेवली असावी, याचा विचार करताना मला त्याच विद्यापीठाच्या आवारातील एक खोली आठवते. ती गोष्ट सांगायला मला फार आवडते, म्हणून थोडी सविस्तर सांगते.

मात्सुउरा ताकेशिरो नावाचे एक प्रवासी होते. त्यांचा जन्म 1818 चा. जपानच्या उत्तरेकडील, त्या काळी एझो म्हटल्या जाणाऱ्या बेटाच्या त्यांनी सहा मोहिमा केल्या, तेथील मूळ रहिवासी असलेल्या आयनू लोकांमध्ये ते राहिले, नकाशे काढले, आणि 1869 मध्ये त्या बेटाला होक्काइदो हे नाव मिळाले ते त्यांच्याच सूचनेवरून. आयनू लोकांना मिळणारी वागणूक पाहून त्यांनी सरकारी पद सोडले. असा हा आयुष्यभर चाललेला माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावर टोकिओतील आपल्या घराला एक छोटीशी अभ्यासिका जोडू लागला. ती किती छोटी, तर एका तातामीची, म्हणजे एका जपानी चटईची. सुमारे सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. हे भाषण लिहिण्यापूर्वी मी घरातली चटई तेवढीच दुमडली आणि मधोमध मांडी घालून बसले. दोन्ही हात पसरताच बोटे दोन्ही बाजूंनी चटईच्या बाहेर गेली. आपण भाषण संपल्यावर करून पाहा.

खोली लहान होती, परंतु तिच्यासाठी बाजारातून लाकूड आणलेले नव्हते. ताकेशिरोंनी देशभरातील आपल्या मित्रांना कळवले की, आपल्या भागातील जुने देऊळ, जुना मठ किंवा जुना पूल दुरुस्त होत असेल, तर त्यातून निघालेला लाकडाचा एखादा तुकडा मला पाठवावा. तुकडे येत गेले. कोणता खांब झाला, कोणता खिडकीची चौकट झाला, कोणता कोनाड्यातील फळी. असे 91 तुकडे. श्रोतेहो, एका चटईच्या खोलीत 91 तुकडे. आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी 1887 मध्ये एक पुस्तिका छापली, जिच्यात प्रत्येक तुकडा कोठून आला याची नोंद केलेली आहे. आपल्याकडे गोधडीवर बोट ठेवून आजी सांगते की हा तुकडा तुझ्या आत्याच्या लुगड्याचा आणि हा आजोबांच्या धोतराचा. ताकेशिरोंनी ते छापून ठेवले. पुण्यातील जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि कोरीव खांब विकले जातात, उपाहारगृहांच्या शोभेसाठीही नेले जातात, परंतु कोणता खांब कोणत्या वाड्याचा हे लिहून ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. असो.

ताकेशिरो 1888 मध्ये वारले. त्यांच्यानंतर ही खोली एका धनिकाकडून दुसऱ्याकडे जात, टोकिओतच दोनदा हलवली जाऊन, अखेर 1936 च्या सुमारास मिताकातील एका टुमदार निवासाच्या परिसरात आली. पुढे ती जागा नाकाजिमा विमान कंपनीच्या संस्थापकांनी घेतली. याच कंपनीने शेजारी विमानांचे संशोधन केंद्र उभारले होते. अमेरिकेपर्यंत पोहोचेल अशा सहा इंजिनांच्या बाँबफेकी विमानाची योजनाही या कंपनीची, जी कागदावरच राहिली. युद्ध संपले, कंपनीचे तुकडे झाले (त्यांतूनच आजच्या सुबारू मोटारी आल्या), आणि ती सगळी जमीन नव्या विद्यापीठाने विकत घेतली. जमिनीचे पैसे जपानी नागरिकांच्या वर्गणीतून आले, आणि ती वर्गणी गोळा करण्यात पुढाकार होता बँक ऑफ जपानच्या गव्हर्नरांचा, जे स्वतः ख्रिस्ती नव्हते. विमानांच्या संशोधनाची इमारत विद्यापीठाची मुख्य इमारत झाली. पहिले अध्यक्ष हाचिरो युआसा हे कीटकशास्त्रज्ञ होते आणि लोककलेच्या वस्तू जमवण्याचा त्यांना छंद होता. त्यांच्या नावाचे संग्रहालय आजही आवारात आहे. कीटक आणि मातीची भांडी यांत सारखाच रस असलेला माणूस अशा विद्यापीठाला लाभावा, याचे मला फार समाधान वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. सक्तीच्या विषयांवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, सगळ्यातले थोडे थोडे शिकून काहीच धड येत नाही. त्यावर एवढेच म्हणते की तुकडा लहान असणे हा दोष नव्हे. तो कोठून काढला आहे हे न सांगणे हा दोष आहे. रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम इतिहासाच्या विद्यार्थ्याला पातळ करून शिकवला, तर ती भेसळ झाली. परंतु रसायनशास्त्रज्ञ पुरावा कसा तपासतो ही एकच गोष्ट नीट शिकवली, तर तो तुकडा खांब म्हणून उभा राहतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्या महाविद्यालयांतही दुसऱ्या शाखेचे खुले ऐच्छिक विषय आले आहेत, आणि त्यांतला सर्वांत सोपा पेपर कोणता याची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच सुरू होते. ती चौकशी करणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. निवड पूर्णपणे मोकळी ठेवली की ती सोप्याकडेच झुकते, आणि म्हणूनच मी सक्तीच्या बाजूची आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या विद्यापीठात प्रत्येकाला ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारा एक अभ्यासक्रम घ्यावा लागतो, आणि जपानमध्ये ख्रिस्ती लोक लोकसंख्येच्या जेमतेम 1 टक्का आहेत. म्हणजे बहुसंख्य विद्यार्थी आपला नसलेला धर्म सक्तीने शिकतात. प्रवेशासाठी श्रद्धेची अट नाही. उलट प्रवेशसमारंभात नवे विद्यार्थी मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याची तत्त्वे पाळण्याच्या प्रतिज्ञेवर सही करतात, ज्या जाहीरनाम्यात धर्मस्वातंत्र्य आहे. तरीही सक्ती ती सक्तीच, असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही. परंतु प्रत्येक विद्यापीठ कुठल्या तरी श्रद्धेच्या तुळईवर उभे असते, काही बाजाराच्या, काही राष्ट्राच्या, आणि बहुतेक ती छताआड झाकून ठेवतात. येथे ती उघडी आहे, तिच्यावर कोठून आली ते लिहिलेले आहे, आणि वर्गात बसून तिच्याविषयी शंका विचारता येते. माझ्या मते ही सक्ती झाकलेल्या तुळईपेक्षा बरी.

ताकेशिरोंची एक गोष्ट सांगायची राहिली. आपण गेल्यावर ही खोली मोडावी आणि तिच्याच लाकडांवर आपले दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती. घरच्यांनी ती मानली नाही. म्हणून वर्षातील काही ठरावीक दिवशी ती आजही पाहायला मिळते. पाहणारे बाहेर उभे राहून, मान आत घालून, आळीपाळीने खांब पाहतात, कारण आत एकाच माणसाची जागा आहे.

नमस्कार.