कॉलेजला जाणाऱ्यांची पहिली गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजच्या दारात जोड्या येऊन थांबायला लागतात. कधी बाप आणि लेक, कधी मामा आणि भाची. प्रश्न एकच असतो. "कॉलेजला जायला गाडी बघालोय. कुठली घेऊ?" वडिलांच्या डोक्यात एक आकडा असतो, पोराच्या डोक्यात मोबाइलवर बघितलेली सनरूफवाली गाडी, आणि त्यावरून घरात आधीच एकदा वाजलेलं असतं.

मी गाडीचं नाव सांगत नाही. उलट विचारतो, रोज कुठनं कुठं जायचं?

राजारामपुरीत राहून कसबा बावड्याच्या कॉलेजात जाणाऱ्याला चारचाकीची काहीच गरज नाही. सकाळच्या गर्दीत दुचाकीवाला वर्गात बसलेला असतो, तेव्हा चारचाकीवाला पार्किंगला जागा शोधत फिरत असतो. केएमटीची शहर बस आहे, मोपेड आहे. पण गारगोटी, गडहिंग्लज, शाहूवाडीकडून येणारं पोर असेल, प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ होत असेल, शेवटची एसटी चुकत असेल, गावातली अजून दोघं-तिघं त्याच वाटेनं येणार असतील, आणि आजीला महिन्यातून एकदा सीपीआर हॉस्पिटलला दाखवायला आणायचं असेल, तर गाडी घ्या. ती कॉलेजची आणि घराचीही होते.

हिशेब मांडून बघा. समजा कागलहून विद्यापीठात जाऊन-येऊन 40 किलोमीटर. महिन्याचे 25 दिवस धरले तर 1000 किलोमीटर. छोटी पेट्रोल गाडी आपल्या रस्त्यावर 18 चं ॲव्हरेज देते असं धरा, म्हणजे 55-56 लिटर. लिटरला 105 रुपये धरले तर 5,800 च्या आसपास झाले. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांचे महिन्याला दीड-दोन हजार बाजूला काढावे लागतात. म्हणजे कर्जाचा हप्ता सोडून सव्वासात ते पावणेआठ हजार रुपये. एसटीच्या विद्यार्थी पासात भाड्याची दोन तृतीयांश सवलत मिळते. बसची वेळ जुळत असेल तर पास काढा. हे गॅरेजवालाच सांगतोय, म्हणजे त्यात माझा काही फायदा नाही एवढं तर तुम्ही मान्य कराल.

आता घ्यायचीच ठरली, तर नवी की जुनी? सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली लांबी आणि 1200 सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असेल तर ती छोटी गाडी. पूर्वी हाच कर 28 टक्के आणि वर सेस होता. याचा उपयोग जुनी गाडी घेतानाही होतो. विकणारा अजून जुन्या बाजाराचा भाव डोक्यात धरून बसलेला असतो. तेव्हा शोरूममधला आजचा भाव आधी काढा, तो खिशात ठेवा आणि मग सौद्याला बसा. तरी शिकाऊ हातासाठी माझं मत जुन्या गाडीकडंच झुकतं. पहिला ओरखडा आपल्याच घराच्या फाटकावर लागणार आहे. तो नव्या गाडीला लागला की बाप आठवडाभर जेवत नाही.

जुनी म्हणजे किती जुनी? इथं मी हटून बसतो. एप्रिल 2019 पासून देशात सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. जुलै 2019 पासून ड्रायव्हरसाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. ड्रायव्हरशेजारच्या सीटलाही एअरबॅग जानेवारी 2022 पासून सक्तीची झाली. म्हणून 2019 च्या उत्तरार्धाच्या अलीकडची गाडी बघा, आणि पैसे पुरत असतील तर 2022 नंतरची.

एबीएसवर एवढा जोर का, ते ज्यानं डिसेंबरात अंधार पडल्यावर हुपरी किंवा शिरोळच्या रस्त्यावर गाडी चालवलीय त्याला सांगायला नको. गळीत हंगाम चालू असतो. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं चाललेला, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला. अंगावर आल्यावरच दिसतो. घाबरून जोरात ब्रेक दाबला की एबीएस नसलेल्या गाडीची चाकं जाम होतात, आणि मग स्टेअरिंग फिरवून उपयोग नसतो, गाडी सरळच घसरत जाते. एबीएस असलं तर ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते. अठरा वर्षांच्या हाताला ती संधी मिळायलाच पाहिजे. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर त्याही पहिल्याच महिन्यात घासून किंवा बदलून घ्या.

नावंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गडी टाळतोय. वॅगनआर, अल्टो के-10, स्विफ्ट, टियागो, ग्रँड आय-10, क्विड यांच्या आसपासच बहुतेकांचं बजेट बसतं. मारुतीचे पार्ट गल्लोगल्ली मिळतात आणि गावाकडचा मेकॅनिकही त्या डोळे झाकून उघडतो, हा मोठा फायदा. धडक चाचणीचं चित्र मात्र वेगळं आहे. ग्लोबल एनकॅप या चाचणी घेणाऱ्या संस्थेनं 2020 साली टियागोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे दिले. 2023 साली वॅगनआरला एक आणि अल्टो के-10 ला दोन तारे मिळाले. दोन्हींच्या मध्ये चाचणीचे नियम कडक झाले होते, त्यामुळं ताऱ्यांची सरळ वजाबाकी करू नका. तरी रोज हायवेवरून येणार असाल तर मी टियागोकडं आधी बघेन. वॅगनआर घेतली तर 2019 नंतरच्या मॉडेलमधली 1.2 लिटरची घ्या. एक लिटरची गावात झकास चालते, पण पाच जण आणि एसी घेऊन गगनबावड्याचा किंवा आंबोलीचा घाट चढायचा म्हटलं की तिला घाम फुटतो.

डिझेलच्या वाटेला जाऊ नका. प्रदूषणाच्या बीएस-6 नियमात बसणाऱ्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला लांब पल्ल्याचं, चांगल्या वेगाचं रनिंग लागतं. घर ते कॉलेज अशा तुकड्या-तुकड्यांनी तो तुंबतो आणि बदलायला गेलं की रडू येतं. सीएनजी परवडतो, पण कंपनी फिटेडच घ्या, सिलिंडरची तीन वर्षांची चाचणी झालेली आहे का बघा, आणि डिकी गेली असं समजा. इलेक्ट्रिक गाडी घरासमोर चार्जिंगची सोय असेल तर चांगलीच. हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडून ती चालत नाही.

पेट्रोलचंही एक सांगतो. आपल्या जिल्ह्यातला ऊस कारखान्यात जातो, त्याच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होतं आणि ते पंपावर 20 टक्के मिसळून आपल्याच टाकीत परत येतं. शेतकऱ्याच्या पोरानं याचा राग धरू नये. पण 2023 च्या आधीच्या गाड्यांत ॲव्हरेज थोडं कमी लागतं, आणि इंधनाच्या रबरी नळ्या, सील एकदा मेकॅनिकच्या नजरेखालून घालावेत.

मॉडेलवरची ही चर्चा लोक तासन् तास करतात. खरं तर जुन्या बाजारात मॉडेल नंतर येतं. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन स्विफ्ट शेजारी उभ्या असल्या तरी एक दहा वर्षं चालेल आणि दुसरी दुसऱ्या महिन्यात टोचन लावून आमच्याकडं येईल. तेव्हा समोर उभी आहे ती गाडी बघायला शिका.

बघायला गेल्यावर सगळ्यात आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधीच मालकानं ती सुरू करून ठेवलीय. थंड इंजिन कसं उठतं तेच तर बघायचं असतं. त्याला म्हणा, संध्याकाळी परत येतो. सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. ऑइलचं झाकण काढून खाली दुधाळ थर दिसला तर पाणी आणि ऑइल एकत्र होत असेल, इंजिनच्या हेडचं, म्हणजे वरच्या भागाचं, काम निघू शकतं. मग गाडी टेंबलाईच्या चढावर न्या. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनचा आवाज वाढला पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपलीय. बोनेट, दारं, डिकी यांच्या कडांवरचे कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके एकसारखे असतात. एका बाजूला ते गायब असले तर तिथं मार बसून डेंटिंग-पेंटिंग झालेलं आहे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर वीस हजार किलोमीटर आणि पेडलचं रबर गुळगुळीत, असं दिसलं तर मीटर मागं फिरवलाय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला गाडीचा इतिहास मागा.

आणि आपल्या भागात एक तपासणी सगळ्यांच्या वर. गाडी पाण्यात गेली होती का? ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 विसरायला कुणाला जमणार आहे? व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, शिरोळ तालुका, तिकडं सांगली, 2021 ला चिपळूण. शिरोली पुलाजवळ हायवेच बंद पडला होता. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन, पॉलिश मारून बाजारात येतात, आणि बहुधा दुसऱ्याच गावात विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. कापडाच्या शेवटच्या वीतभर भागात मातीची रेघ किंवा डाग दिसला तर तिथूनच मागं फिरा. बेल्ट धुतला तरी तो भाग सहसा सुटतो. मॅटखालचं कापड उचला, स्टेपनीचा खड्डा बघा, सीटच्या पट्टीचे बोल्ट गंजलेत का बघा. आत अत्तराचा घमघमाट असेल तर तो कशासाठी मारलाय, असा प्रश्न मनात यायला हवा. अशा गाडीचं इंजिन चालतं हो, पण वायरिंग दर पावसाळ्यात नवं नाटक करतं.

पोरांचा जिच्यावर जीव जडतो ती मॉडिफाय केलेली गाडीही नको. स्प्रिंग कापून खाली बसवलेली, रुंद टायरची, डिकीभर वूफरची, सायलेन्सर फाडून आवाज काढलेला. नाद खुळा दिसते, कबूल. पण वूफरसाठी मूळ वायरिंग कुठं कापलंय ते मालकालाही आठवत नसतं, आणि असे बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील तर क्लेमच्या वेळी वाद उभा राहतो. नंबरप्लेटवर "दादा" वाचता येईल असे आकडे तर पोलिसांना लांबूनच बोलावतात. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बसवलीय का, तेही बघा.

कागदाचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या, थकलेलं ई-चलन आधी भरायला लावा. निपाणी, बेळगावकडची केए पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण आरटीओची एनओसी, इथला टॅक्स आणि नवा नंबर धरून हिशेब करा, मग ती स्वस्त राहते का बघा. विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाबरोबर जातो, तो तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळं हप्ता थोडा वाढेल. इथं काटकसर करून नुसता थर्ड पार्टी विमा काढू नका. कोल्हापुरात इंजिन संरक्षणाची जोड घ्याच. पाण्यात गाडी बंद पडली आणि घाबरून स्टार्टर मारला, तर सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा मिळत नाही. पोराला हे आधीच शिकवा. पाण्यात बंद पडली की चावी काढायची, उतरायचं, ढकलून कोरड्यावर आणायची आणि फोन करायचा.

सौदा ठरवताना बजेटमधले वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवा. ऑइल, कूलंट, ब्रेकचं तेल, गरज पडली तर टायर आणि बॅटरी, हे पहिल्याच महिन्यात होऊन जाऊ दे. घाटातून उतरताना ज्या गिअरनं चढली त्याच गिअरमध्ये उतरवायची, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचं नाही, हेही पहिल्याच रविवारी शेजारी बसून दाखवा.

लायसनशिवाय चावी नाही, हे तर आलंच. वय 18 पूर्ण, लर्निंग लायसन निघाल्यावर किमान 30 दिवसांनी पक्क्याची परीक्षा. अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात आलीय.

आता गाडी कॉलेजच्या फाटकात उभी राहिली की मित्र चावी मागणार. ज्याच्याकडं लायसन नाही त्यानं ठोकली तर क्लेम अडकतो आणि केस मालकावर येते. पोरांना मित्राला नाही म्हणायचं जड जातं. म्हणून चावी देतानाच सांगून टाका, कुणी मागितली की "पप्पांनी नको म्हटलंय, लई रागीट आहेत" असं म्हणून बिनधास्त पप्पांवर ढकलायचं. तेवढा वाईटपणा पप्पांनी घ्यावा.

नमस्कार.